प्रकटीकरणातल्या सात मंडळ्या: आधी गावं बघू, मग अर्थ काढू

नगरवाला

जय ख्रिस्त, आणि बाकी सगळ्यांना नमस्कार.

इथे उपनिषदांवर, जैन आगमांवर भरपूर धागे निघतात पण बायबलवर कोणी काही लिहीत नाही, अशी तक्रार मागे एकाने केली होती, म्हणून हा प्रयत्न. विषय घेतलाय प्रकटीकरणाच्या (बायबलचं शेवटचं पुस्तक) दुसऱ्या-तिसऱ्या अध्यायातली सात पत्रं, सात गावांतल्या मंडळ्यांना म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजांना लिहिलेली. आमच्याकडे कन्व्हेन्शनमध्ये (चर्चच्या प्रवचनांच्या मेळाव्यात) वक्ता कोणीही असो, एक संध्याकाळ या सात मंडळ्यांना असतेच, आणि दर वेळी मला एकच खटकतं की गावांबद्दल कोणी बोलत नाही, थेट "याचा आत्मिक अर्थ असा" इथून सुरुवात.

तर ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. योहान नावाचा माणूस पात्म बेटावर आहे (आता ते ग्रीसमध्ये येतं, पण तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून जवळ). बहुतेक अभ्यासक काळ धरतात इ.स. ९५ च्या आसपास, सम्राट डोमिशियन. काही जण नीरोच्या काळापर्यंत मागे नेतात. त्याला दर्शन होतं आणि सांगितलं जातं की आशियातल्या सात मंडळ्यांना लिही: इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. "आशिया" वाचून चीन-जपान डोळ्यासमोर आणू नका, आशिया हा रोमन प्रांत होता, आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम भाग. इफिस म्हणजे आजच्या सेल्चुकजवळचे अवशेष, स्मुर्णा म्हणजे इझमीर, पर्गम बेर्गामा, थुवतीरा अखिसार, सार्दीस म्हणजे सार्त नावाचं छोटं गाव, फिलदेल्फिया अलाशेहीर, आणि लावदिकीया देनिझली शहराच्या बाहेर.

नकाशावर बोट फिरवा, इफिसहून वर उत्तरेला स्मुर्णा, तिथून पर्गम, मग आग्नेयेला वळून थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. म्हणजे पत्र घेऊन निघालेला माणूस ज्या क्रमाने जाईल तोच क्रम. विल्यम रॅमसे नावाच्या स्कॉटिश पुरातत्त्ववाल्याने शंभरेक वर्षांपूर्वी हे जोरात मांडलं आणि क्रमाबद्दल तरी ते पटतं. प्रांतात मंडळ्या सातच नव्हत्या, कलस्सै होतं, त्रोवस होतं, हिरापोली होतं. सात निवडल्या कारण सात हा पूर्ण आकडा, म्हणजे सातांना लिहिलं की सगळ्यांना लिहिलं.

आणि गंमत अशी की प्रत्येक पत्राच्या शेवटी "आत्मा मंडळ्यांना काय म्हणतो ते ऐका" असं आहे, मंडळ्यांना, अनेकवचन. पुस्तक अख्खं मोठ्याने वाचून दाखवायचं होतं. म्हणजे लावदिकीयाची खरडपट्टी स्मुर्णावाल्यांनीही ऐकली आणि इफिसवाल्यांचं "पहिली प्रीती सोडलीस" हे सगळ्या प्रांतात झालं. वर्गात सगळ्यांसमोर प्रगतिपुस्तक वाचून दाखवल्यासारखं.

आता सार्दीस. एकेकाळी लिडियाची राजधानी, क्रीसस राजाची, ज्याच्या श्रीमंतीच्या गोष्टी ग्रीक लोक सांगत. किल्ला उभ्या कड्यावर, कोणी घेऊ शकणार नाही अशी ख्याती. इ.स.पू. ५४६ च्या सुमारास इराणचा सायरस वेढा घालून बसला, आणि ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की किल्ल्यावरच्या एका शिपायाचं शिरस्त्राण खाली पडलं, तो कड्यावरून उतरून ते घेऊन परत वर गेला आणि खालून एका इराणी सैनिकाने ती वाट बघून ठेवली. झालं. पहारा नव्हताच त्या बाजूला. बरं एकदा झालं तर शहाणं व्हावं की नाही, तर सव्वातीनशे वर्षांनी सीरियाचा राजा तिसरा अँटिओकस याची माणसं पुन्हा अशीच कडा चढून आत. आता या गावाला पत्रात काय लिहिलंय? जागा हो, नाहीतर मी चोरासारखा येईन आणि कुठल्या घटकेला ते तुला कळणार नाही. ऐकणाऱ्यांपैकी प्रत्येकाला गावाची ही बदनामी माहीत असणार हो.

फिलदेल्फियाचं तसंच. भूकंपाचा पट्टा. इ.स. १७ मध्ये मोठा भूकंप झाला त्यात सार्दीस सगळ्यात जास्त पडलं, सम्राट तिबेरियसने पाच वर्षांचा कर माफ केला, फिलदेल्फियालाही सवलत मिळाली. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की फिलदेल्फियात भिंतींना रोज तडे जातात आणि लोक गावाबाहेर शेतावरच राहतात. त्या लोकांना वचन दिलंय की जो जिंकेल त्याला मी मंदिराचा खांब करीन आणि तो पुन्हा कधी बाहेर जाणार नाही. दर हादऱ्याला बाहेर पळणाऱ्या माणसाने हे ऐकलं तर त्याला काय वाटेल!

तर माझं म्हणणं एवढंच की गाव कळलं की पत्र कळतं. जाणकारांनी भर घालावी.

सांजवात

छान लेख, वाचनखूण साठवली. मी ख्रिस्ती नाही पण इझमीर आणि इफिस बघितलंय. ते थिएटर बघून दडपायला होतं, पंचवीसेक हजार माणसं बसतील असं गाईड म्हणाला. पण बंदर कुठाय विचारलं तर समुद्र कित्येक किलोमीटर लांब, नदीच्या गाळाने बंदर भरत गेलं म्हणे. आणि अर्तमीचं देऊळ, जे सात आश्चर्यांत होतं, तिथे आता एक जोडजाड करून उभा केलेला खांब आणि त्यावर करकोच्याचं घरटं.

बाळबोध शंका: "सैतानाचं आसन" हे कुठल्या गावाबद्दल आहे? कुठेतरी वाचलेलं की ते बर्लिनला आहे?

नगरवाला

सांजवात ताई, ते पर्गम. बर्लिनला आहे ती झ्यूसची वेदी, कार्ल हुमान नावाच्या जर्मन इंजिनियरने १८७८ पासून खोदून काढली आणि तिकडे नेली. "सैतानाचं आसन" म्हणजे तीच वेदी असं बरेच जण म्हणतात, काही वैद्यकीचा देव अस्क्लेपियस याच्या आरोग्यधामाकडे बोट दाखवतात कारण त्याचं चिन्ह साप. मला मात्र तिसरं पटतं. पर्गमला इ.स.पू. २९ मध्ये रोमा देवी आणि ऑगस्टस यांचं देऊळ बांधायची परवानगी मिळाली, या प्रांतातली राजपूजा तिथून सुरू झाली. अंतिपा नावाचा साक्षीदार तिथेच मारला गेला असं पत्रात आहे. झ्यूसला नमस्कार न करणारा माणूस विक्षिप्त ठरला असता, पण सम्राटाला न करणारा राजद्रोही ठरतो.

आणि ही पूजा वरून लादलेली होती असंही नाही, शहरं एकमेकांशी भांडून ती मागून घेत होती. इ.स. २६ मध्ये तिबेरियसचं देऊळ कोणाला मिळावं म्हणून अकरा शहरांचे वकील रोमच्या सिनेटपुढे उभे, शेवटी राहिली सार्दीस आणि स्मुर्णा, जिंकली स्मुर्णा. इफिसला सम्राटांचं मोठं देऊळ झालं ८९-९० साली, म्हणजे योहानाच्या पुस्तकाच्या अगदी आधी.

मारानाथा

सप्रेम जय ख्रिस्त. नगरवाला बंधू, माहिती चांगली आहे पण आपण वचनाला इतिहासाच्या पुस्तकात बंद करून टाकता आहात असं नम्रपणे वाटतं. या सात मंडळ्या म्हणजे ख्रिस्तसभेचे सात काळ आहेत. इफिस म्हणजे प्रेषितांचा काळ, स्मुर्णा छळाचा, पर्गम म्हणजे कॉन्स्टंटाईननंतर सत्तेशी संगनमत, थुवतीरा मध्ययुग, सार्दीस धर्मसुधारणा, फिलदेल्फिया म्हणजे मिशनरी युग, उघडं दार, आणि लावदिकीया आजची कोमट मंडळी. १:१९ मध्येच लिहिलंय, जे पाहिलं, जे आहे, आणि जे पुढे होणार. स्मुर्णाचे दहा दिवस म्हणजे दहा सम्राटांचे छळ. इतकं जुळणं योगायोग कसा?

तिरकस

प्रत्येक पिढीत "आजची मंडळी" कोमटच असते का? सोळाव्या शतकात कोणी म्हणालं असेल की वा, आपलं सार्दीस चालू आहे? :)

नगरवाला

मारानाथा बंधू, राग नको, हीच शिकवण ऐकत मीही वाढलोय. पण १:१९ मधलं "जे आहे" म्हणजेच ही पत्रं, "पुढे होणार" ते ४:१ पासून सुरू होतं, तिथे तोच शब्दप्रयोग परत येतो. दहा छळांची यादीही पुढच्या शतकांत आकडा डोक्यात ठेवून जुळवलेली आहे, कोणाला घ्यायचं नि कोणाला वगळायचं यावर जुन्या लेखकांचंच एकमत नाही. सात काळांचं हे गणित आपल्याकडे जे पसरलं ते मुख्यतः १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलमधल्या टिपांमुळे.

आणि माझी खरी अडचण वेगळी आहे. हे सात काळ कोणाचे? पोप, लूथर, इंग्लंड-अमेरिकेच्या मिशन्स. यात केरळचे सिरियन ख्रिस्ती कुठल्या काळात बसतात, अर्मेनिया, इथिओपिया कुठे? युरोप थुवतीरात होता तेव्हा इराणातली मंडळी मार खात होती, म्हणजे ती स्मुर्णात होती. जगाचा इतिहास एका खंडाच्या घड्याळावर लावायचा आणि त्याला भविष्यवाणी म्हणायचं, हे नाही पटत.

मारानाथा

सिरियन ख्रिस्ती लोकांचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे, मान्य. तरी वचनाला दुहेरी अर्थ असू शकतो, त्या गावालाही आणि पुढच्यांनाही. "कान आहेत तो ऐको" हे फक्त तुर्कस्तानातल्या कानांना नाही ना सांगितलं.

वसईकर_बाय

आमच्याकडे मिस्सामध्ये (कॅथलिक उपासनेत) ही पत्रं वाचली जातात ती नोव्हेंबरात, वर्षाच्या अगदी शेवटी, तेही एक वर्षाआड, म्हणून इतका कीस आम्ही कधी काढला नव्हता :) पण स्मुर्णा म्हटलं की आम्हाला आठवतो संत पॉलिकार्प. तिथला बिशप, साधारण १५५ च्या सुमारास जिवंत जाळला. प्रांताधिकारी म्हणाला ख्रिस्ताला शिव्या दे, सोडतो तुला, तर म्हातारा म्हणाला शहाऐंशी वर्षं मी त्याची सेवा केली, त्याने माझं काही वाईट केलं नाही, मग माझ्या राजाची निंदा मी कशी करू. आता हिशोब करा, ९५ साली हा तरुण असणार. "मरेपर्यंत विश्वासू राहा" हे वाक्य स्मुर्णाच्या सभेत वाचलं गेलं तेव्हा तो तिथे ऐकायला बसलेला असू शकतो की हो! माझ्या अंगावर काटा आला हे लक्षात आल्यावर.

आणि इफिसचं म्हणाल तर ४३१ ची धर्मपरिषद तिथलीच, मारियेला देवमाता म्हणायचं हे तिथे ठरलं.

पाईपलाईन

पाणीपुरवठ्यात आयुष्य गेलं त्यामुळे लावदिकीयावर बोलल्याशिवाय राहवत नाही. माझी मिसेस ख्रिस्ती, तिच्यासोबत चर्चला जातो, तिथे दर वेळी ऐकतो की हिरापोलीहून म्हणजे आजच्या पामुक्कालेहून गरम पाणी नळाने लावदिकीयाला यायचं आणि येईपर्यंत कोमट व्हायचं म्हणून पत्रात कोमट लिहिलंय. ऐकायला झकास आहे. पण जागेवर बघा. पामुक्काले दरीच्या पलीकडे उत्तरेला, आणि लावदिकीयाची पाईपलाईन येते दक्षिणेकडून, आजच्या देनिझलीकडच्या झऱ्यांवरून! दगडात भोक पाडून एकाला एक जोडलेले पाईप, दुहेरी लाईन, शेवटी खोलगट भाग आला तिथे उलटा सायफन, दाबाने पाणी पुन्हा वर चढवलंय. दोन हजार वर्षांपूर्वी! पाईपात आतून चुन्याचे थर साचलेत ते खरं आहे, म्हणजे पाणी जड होतं. पण स्ट्रॅबो स्पष्ट लिहितो की इथल्या पाण्याचा दगड होत असला तरी ते पिण्याजोगं आहे. शिवाय तिथे साधारण ११४ सालचा पाण्याच्या नियमांचा शिलालेख सापडलाय, पाणी घाण करणाऱ्याला, पाईप फोडणाऱ्याला दंड. ज्या गावाला आपल्या पाण्याची इतकी काळजी ते गाव वाईट पाण्यासाठी कुप्रसिद्ध कसं?

तिरकस

+१. काका, यावर वेगळा धागा काढाच. उलटा सायफन आकृतीसकट पाहिजे.

शलोमी

मग कोमट कुठून आलं?

नगरवाला

पाईपलाईन काका _/\_

शलोमी, एक मत असं की हा जेवणाच्या पंगतीतला शब्द आहे. रोमन लोक वाईनमध्ये पाणी घालून प्यायचे, कधी गरम कधी थंड, पाहुण्याला आवडेल तसं. गरम चालतं, थंड चालतं, कोमट दिलं म्हणजे यजमानाने लक्षच दिलं नाही. मला हे पटायचं कारण त्याच पत्रातली थोडी पुढची ओळ, "मी दाराशी उभा राहून ठोकतो, कोणी दार उघडलं तर मी त्याच्याबरोबर जेवेन". आपण ती ओळ कॅलेंडरवर एकटी छापतो, पण पत्रात ती कोमटच्या नंतर येते. ज्याला यजमानाने धड प्यायलासुद्धा विचारलं नाही तो पाहुणाच बाहेर उभा आहे. आणि याने आणखी एक गोष्ट सुटते, "थंड" म्हणजे अविश्वासू हा प्रवचनातला अर्थ घेतला तर देव म्हणतो तू अविश्वासू असतास तरी बरं, हे जरा विचित्रच होतं ना.

बाकी लावदिकीयाचा माज खराच. इ.स. ६० च्या भूकंपात शहर पडलं आणि रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो की रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशाने उभं केलं. "मी श्रीमंत आहे, मला कशाची उणीव नाही" हे तोंड त्यांचंच.

शलोमी

जेवणाचा विषय निघालाच आहे तर मला थुवतीराबद्दल विचारायचंय. सातातलं सगळ्यात साधं गाव पण पत्र सगळ्यात लांब. तिथली ती "ईजबेल" म्हणवलेली बाई लोकांना मूर्तीला वाहिलेलं खायला शिकवते म्हणून तिच्यावर आग पाखडलीय. हेच पर्गमलाही, जुन्या करारातल्या बलामाचं उदाहरण देऊन. आता माझी परिस्थिती सांगते. आयटीत आहे, पुण्यात. गणपतीत ऑफिसात आरती, दसऱ्याला मशीनपूजा, सत्यनारायण, आणि प्रसाद टेबलावर येतो. मी घेते. शिरा आहे, प्रेमाने दिलाय. आमच्या पाळकांच्या मते मी थुवतीरा. माझ्या आजीच्या मते पण. आणि नाही घेतला तर टीममध्ये जी शांतता पसरते ती वेगळीच.

मारानाथा

ताई, वचन स्पष्ट आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या १५ व्या अध्यायात यरुशलेमच्या सभेनेही तेच ठरवलं.

शलोमी

आणि १ करिंथ ८ मध्ये (करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात) प्रेषित पौल म्हणतो मूर्ती म्हणजे काहीच नाही, आणि १० मध्ये म्हणतो बाजारात विकतात ते चौकशी न करता खा. तेही वचनच आहे ना दादा.

मारानाथा

त्याच १० व्या अध्यायात प्रभूचं मेज आणि भुतांचं मेज दोन्हीकडे बसता येत नाही असंही आहे. आणि दुर्बळ भावाला अडखळण होईल तर खाऊ नका.

नगरवाला

हा तर खरा मुद्दा आला. थुवतीरा कारागिरांचं गाव होतं, शिलालेखांत धंदेवाल्यांच्या संघांची नावंच नावं सापडतात, लोकर, ताग, कातडं, रंगारी, तांबट, कुंभार. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पैला पौलाला भेटणारी जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया इथलीच. संघ म्हणजे नुसती युनियन नाही, त्याचं दैवत असायचं, त्याच्या नावाने जेवणं व्हायची, मांस देवाला दाखवून मग पानात. जेवणाला नाही गेलात तर संघात नाही, संघात नाही तर धंदा नाही. म्हणून त्या बाईला मी नुसती चवचाल बाई म्हणून सोडून देत नाही. तिचं नाव ईजबेल नसणारच, ते योहानाने चिकटवलेलं, जुन्या करारातल्या राणीवरून. ती बहुतेक म्हणत असावी की बाबांनो जेवा, पोट भरा, मनातून तुम्ही त्याचेच आहात. म्हणजे शलोमी जे म्हणतेय तेच जवळपास, आणि पौलाच्या निम्म्या अध्यायाचा तिला आधारही मिळाला असता.

तरी मला एक फरक दिसतो. थुवतीरात ज्या देवाला दाखवायचं त्यांच्याबरोबर सम्राटही बसलेला होता, आणि त्याच सम्राटाच्या माणसांनी अंतिपाला मारलं अशी योहानाची समजूत दिसते. म्हणजे ज्याने आपल्या भावाला मारलं त्याच्या पंगतीला बसून तोंड पुसायचं का, असा तो प्रश्न होता. ऑफिसातल्या शिऱ्यामागे असा कोणी खुनी नाही. त्यामुळे थुवतीराचा शिक्का शलोमीवर मारणं मला गैर वाटतं. उलट ज्या कंपनीच्या पार्टीत कंत्राटाच्या लालसेने आपण गप्प बसून जेवतो तिथे हे पत्र जास्त लागू होईल.

सांजवात

हे वाचून बरं वाटलं. शलोमी, आमच्या ऑफिसात एक जण प्रसाद घेत नाही, आम्ही त्याच्यासाठी आधीच वेगळा पेढ्याचा बॉक्स ठेवतो, नैवेद्याला न दाखवलेला. कोणी काही बोलत नाही.

मारानाथा

सांजवात ताई, तुमच्या ऑफिसला देव आशीर्वाद देवो. नगरवाला बंधू, मी अजूनही प्रसाद घेणार नाही, पण घेणाऱ्याला ईजबेल म्हणणार नाही.

तिरकस

एवढी पत्रं आली, पण उपयोग काय झाला? आज तिकडे चर्च किती उरलीत? इफिसला धमकी होती ना, पश्चात्ताप केला नाहीस तर दिवठणी (दिव्याची ठाणवई, म्हणजे मंडळीची खूण) काढून टाकीन. काढली की.

वसईकर_बाय

इझमीरला संत पॉलिकार्पचं चर्च आजही चालू आहे, मिस्सा होते.

नगरवाला

तिरकस, हे प्रवचनात हमखास येतं, "बघा इफिस, दिवठणी गेली, आता नुसते दगड". पण हिशोब मांडून बघ. सातांत ज्यांना एकही दोष लावला नाही त्या दोनच, स्मुर्णा आणि फिलदेल्फिया. फिलदेल्फिया आजूबाजूचं सगळं गेल्यावरही १३९० पर्यंत टिकून राहिली, मग पडली. स्मुर्णात ग्रीक आणि अर्मेनियन ख्रिस्ती अगदी विसाव्या शतकापर्यंत प्रचंड होते, १९२२ च्या सप्टेंबरात शहराचे त्यांचेच मोहल्ले जळाले, १९२३ ला ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकसंख्येची अदलाबदल केली आणि उरलेसुरले निघून गेले. मग निर्दोष मंडळीची दिवठणी कोणत्या पापासाठी गेली? तेव्हा नकाशा बघून कोणाला शिक्षा झाली हे ठरवायचं काम आपण करू नये असं मला वाटतं. इफिस तर धमकीनंतर सव्वातीनशे वर्षांनी अख्ख्या ख्रिस्ती जगाची परिषद भरवत होतं, वर बायने सांगितलंच.

अवांतर: आमच्या नगरशी याचा एक धागा जुळतो. ज्या अमेरिकन बोर्डाची (अमेरिकेतली मिशन संस्था) माणसं १८१३ मध्ये मुंबईत उतरली आणि १८३१ पासून नगरला ठाण मांडून बसली, त्याच बोर्डाने १८१९ मध्ये फिस्क आणि पार्सन्स या दोघांना स्मुर्णाला धाडलं होतं, आणि या सात मंडळ्यांची काय अवस्था आहे ते जाऊन बघायचं कामही त्यांच्याकडे होतं.

पाईपलाईन

पत्र मिळाल्यावर लगेच पुढे काय झालं याची काही नोंद आहे का? म्हणजे सुधारले का लोक?

नगरवाला

काका, पंधरा-वीस वर्षांनी, ११० च्या सुमारास, अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस कैदी म्हणून रोमला नेला जात असताना याच भागातून गेला आणि त्याने इफिस, स्मुर्णा, फिलदेल्फियाला पत्रं लिहिली, ती आजही आहेत. इफिसचं तो तोंडभरून कौतुक करतो, म्हणजे काहीतरी सुधारणा झाली असावी. फिलदेल्फियात मात्र, जिला योहानाने एक शब्द वावगा बोलला नव्हता, तिथे आता दोन तट पडलेले. इग्नेशियस स्वतःच सांगतो की तिथले काही जण त्याला म्हणाले, जुन्या ग्रंथात सापडलं नाही तर आम्ही सुवार्तेतलं मानणार नाही. तो म्हणाला, लिहिलेलं आहे की. त्यावर ते म्हणाले, वाद तर त्याचाच चाललाय.